डोपामाइन 'आनंदाचं रसायन' नाही, तर मग आहे तरी काय?

खडूफळा (धागाकर्ता)

अकरावी-बारावीच्या मानसशास्त्रात वर्तनाच्या जैविक पायाचा भाग शिकवून झाला की मुलांच्या वह्यांत हमखास एक तक्ता सापडतो. सेरोटोनिन म्हणजे मूड, डोपामाइन म्हणजे आनंद, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम. किराणा दुकानातल्या बरण्यांना चिठ्ठ्या लावाव्यात तसं. तक्ता पाठ होतो, गुण मिळतात, आणि जीवशास्त्राने वर्तन कसं उलगडतं हे कळायचं राहूनच जातं. या धाग्यात एकच बरणी उघडू. बाकीच्यांवर नंतर कधीतरी.

आधी पत्ता. मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी. त्यांतल्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी जेमतेम ४ ते ६ लाख. बहुतेक दोन ठिपक्यांत दाटलेल्या: सबस्टॅन्शिया नायग्रा आणि त्याला लागून असलेला व्हेंट्रल टेगमेंटल भाग, म्हणजे व्हीटीए. नायग्राकडून स्ट्रायटमकडे जाणारा रस्ता हालचाल सुरू करायला लागतो. व्हीटीएकडून न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्सकडे जाणारा 'हवंय' ही ओढ लावतो. व्हीटीएकडूनच कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाकडे जाणारा लक्ष आणि कार्यस्मृती सांभाळतो. चौथा रस्ता मध्यमेंदूतून निघतच नाही. तो हायपोथॅलॅमसमधला, आणि पिट्युटरीमधून प्रोलॅक्टिन सुटू न देणं हे त्याचं काम. दुधाचं संप्रेरक अडवणाऱ्या रसायनाला 'आनंदाचं' कसं म्हणणार? पाणी तेच असतं. पाटात सोडलं तर ऊस पिकतो, जनित्रावर सोडलं तर वीज होते.

मग आनंदाची चिठ्ठी चिकटली कुठून? १९५४ साली माँट्रियालच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत एक विद्युताग्र बसवलं. ते जिथे जायला हवं होतं तिथे न जाता सेप्टल भागाजवळ पोचलं. हा झटका मिळावा म्हणून उंदीर दांडी दाबतच राहिले, तासाला शेकडो वेळा. लोकांनी याचा अर्थ 'सुखकेंद्र सापडलं' असा लावला. पुढे अशा उत्तेजनात डोपामाइनचा वाटा मोठा असल्याचं दिसलं आणि समीकरण पूर्ण झालं. पण उंदीर दांडी दाबतो म्हणजे त्याला सुख होतंय, हे कोणी मोजलं होतं? मोजलं होतं फक्त दांडी दाबणं.

सुख वेगळं मोजायची युक्ती मिशिगनच्या केंट बेरिज यांनी वापरली. उंदराच्या जिभेवर साखरपाणी टाकलं की तो जीभ लयीत बाहेर काढून ओठ चाटतो. कडू टाकलं की तोंड वासतो, डोकं झटकतो. माणसाची तान्ही बाळंही जवळपास हेच करतात. १९८९ मध्ये त्यांनी ६-हायड्रॉक्सिडोपामाइन या विषाने उंदरांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या तारा जाळल्या. उंदीर खाण्याकडे फिरकेनात, नळीने भरवावं लागलं. पण जिभेवर साखर टाकली की पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे. म्हणजे आवडणं शाबूत, हवं असणं गायब. मिटक्यांचं काम मेंदूतल्या अफूसदृश द्रव्यांकडे निघालं. अ‍ॅक्युम्बन्समध्ये त्यासाठी जेमतेम घनमिलिमीटरभर जागा आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी परीक्षेत कोणी लिहीत नाही. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्त्स माकडांच्या डोपामाइन पेशींचे ठोके, म्हणजे त्यांचे विजेचे स्पंद, नोंदवत होते. एरवी सेकंदाला चार-पाच ठोके. अचानक फळांचा रस मिळाला की ठोक्यांची छोटी सर उठते. आता दिवा लागला की थोड्या वेळाने रस, असं शिकवलं. शिकून झाल्यावर सर दिव्याला उठते, रसाला काहीच नाही. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायचा त्याच क्षणी ठोके थांबतात. १९९७ मध्ये शुल्त्स, डायन आणि माँटेग्यू यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं की या पेशी बक्षीस मोजत नाहीत. मिळालेलं वजा अपेक्षित, हा फरक मोजतात.

वहीत लिहायचंच असेल तर असं लिहा: एका रस्त्यावर डोपामाइन अपेक्षा आणि वास्तव यांतला फरक शिकवतं, आणि बक्षिसाची चाहूल देणाऱ्या खुणेला ओढ लावतं. चिठ्ठीवर मावत नाही हे मान्य. मावायला नकोच.

औषधवाला

उत्तम सुरुवात. यात आपल्याकडचा एक धागा गुंफतो, कारण डोपामाइनची ओळख ज्या औषधामुळे पटली ते आपल्या सर्पगंधेतून आलं.

सर्पगंधेच्या मुळ्या आपल्याकडे पूर्वापार झोपेसाठी आणि वेडावर देत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब आणि उन्मादावर चालते असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अभ्यास 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्विस कंपनी सिबाने त्यातलं रिसर्पिन वेगळं केलं. डॉ. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिन करतं काय? चेतापेशीच्या टोकाला डोपामाइन, नॉरअ‍ॅड्रिनलिन, सेरोटोनिन यांच्या पिशव्या असतात. त्या भरणारा पंप रिसर्पिन बंद पाडतं. पिशवीबाहेर राहिलेलं रसायन मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे विकर फस्त करतं. साठा रिकामा.

स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिलं. ससे गोठल्यासारखे बसले, कान पडलेले. मग शिरेतून डोपा दिलं, म्हणजे ज्यापासून डोपामाइन बनतं ते द्रव्य. साधारण पाव तासात कान ताठ आणि ससे चालते. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते द्रव्य देऊन असं झालं नाही. तोवर डोपामाइन म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनलिन बनतानाचा मधला टप्पा इतकीच त्याची पत होती. कार्लसनना २००० चा नोबेल मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकेविच यांनी कंपवाताने वारलेल्यांच्या मेंदूत स्ट्रायटममधलं डोपामाइन घटलेलं दाखवलं. १९६७ मध्ये कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्ण हालते केले.

डोपामाइनच का देत नाहीत? ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही. एल-डोपा, म्हणजे वरच्या डोपाचं औषधातलं रूप, शिरतं. पण नुसतं एल-डोपा गिळलं तर बरंचसं मेंदूबाहेरच डोपामाइन होऊन बसतं आणि मळमळ, उलटी. म्हणून सोबत कार्बिडोपा, जे मेंदूबाहेरचं विकर अडवतं आणि स्वतः मेंदूत जात नाही. नेहमीची गोळी १०० मिग्रॅ एल-डोपा अधिक २५ मिग्रॅ कार्बिडोपा. दिवसाला ७० ते १०० मिग्रॅ कार्बिडोपा पोटात गेलं नाही तर अडवणूक अपुरी पडते, म्हणून सुरुवातीच्या अगदी छोट्या मात्रेवर मळमळ जास्त जाणवू शकते. आणखी एक: मेंदूच्या दारावर एल-डोपा आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं एकाच वाहकासाठी रांगेत असतात. डाळ-उसळ-पनीरच्या जेवणाबरोबर गोळी घेतली की ती रांगेत मागे पडते. म्हणून साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने.

त्यामुळे 'केळं खा, डोपामाइन वाढतं' हे फॉरवर्ड गंमत म्हणून वाचा. केळ्यात, विशेषतः सालीत, डोपामाइन असतं. पण दारातून आत जात नाही. टायरोसिनच्या पुड्यांचंही तसंच. टायरोसिनपासून एल-डोपा बनवणारं विकर एरवीच जवळपास पूर्ण क्षमतेने चालत असतं, कच्चा माल ओतून उत्पादन फारसं वाढत नाही. खाजकुइलीच्या बियांत मात्र खरंच एल-डोपा असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते वेगळं केलं होतं. पण बियांतलं प्रमाण एका घाण्यातून दुसऱ्यात बदलतं आणि सोबत कार्बिडोपा नसतं. 'मूडसाठी' म्हणून डबे विकले जातात ते घेऊ नयेत. कंपवाताची गोळी चालू असेल तर मुळीच नाही.

उंडगा

दोन्ही प्रतिसाद वाचले, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. मग ते 'डोपामाइन डिटॉक्स' काय आहे? दिवसभर फोन, गोड, गाणी सगळं बंद ठेवायचं आणि म्हणे डोपामाइन रिसेट होतं.

खडूफळा

@उंडगा, बाळबोध नाही. २०१९ च्या सुमारास सिलिकॉन व्हॅलीतून ही टूम निघाली. नाव चुकीचं, आतला माल निम्मा बरा.

नाव चुकीचं, कारण एक दिवस फोन बंद ठेवून डोपामाइन रिकामं होत नाही. खरंच रिकामं झालं तर तुम्ही कार्लसनच्या सशासारखे बसून राहाल. आणि ते विष नाही की निचरा करावा.

आतला माल म्हणजे जुनं उद्दीपक-नियंत्रण, सवय चेतवणाऱ्या खुणा आवरणं. पण एका दिवसाच्या उपासाने ते साधत नाही. का, ते शुल्त्सच्या माकडावरून बघा. ओढ लागते ती दिव्याला, रसाला नव्हे. तुमच्या बाबतीत दिवा म्हणजे फोनची थरथर, टेबलावर पालथा पडलेला फोन, जेवण झाल्यावर सोफ्यावर टेकणं. दिवसभर फोन कपाटात ठेवलात तर दिवा लागलाच नाही. न लागलेल्या दिव्याची किंमत उतरत नाही. विलोपन, म्हणजे शिकलेली ओढ विझणं, व्हायला खूण समोर यावी लागते आणि तिच्यामागून बक्षीस न यावं लागतं, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी फोन हातात घेतला की ओढ जशीच्या तशी. त्याला लोक 'माझी इच्छाशक्ती कमी' म्हणतात. इच्छाशक्तीचा संबंध नाही, प्रयोगाची मांडणीच चुकलेली असते.

चालणारी मांडणी अशी. तीन दिवस फक्त नोंद करा: फोन उचलला तेव्हा त्याच्या आधीच्या मिनिटात काय झालं होतं. बहुतेकांच्या खुणा पाच-सहाच निघतात. मग सूचना बंद करून त्या ठरावीक वेळी बघायच्या, समजा सकाळी ११, दुपारी ४, रात्री ८. यात वेळ वाचणं दुय्यम आहे. मुख्य म्हणजे अनिश्चितता जाते. कधी काहीतरी असतं, कधी नसतं, असं बदलत्या प्रमाणातलं प्रबलन (वागण्यामागून मिळणारं बक्षीस) सगळ्यात चिवट सवय घडवतं, हे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्येच कबुतरांवर दाखवलं. डोपामाइन पेशींबाबत २००३ मध्ये फिओरिलो, टोबलर आणि शुल्त्स यांना दिसलं की खूण आणि बक्षीस यांच्या मधल्या वेळात हळूहळू चढत जाणारी हालचाल सर्वांत जास्त होते ती मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. सूचनांची घंटी नेमकी त्याच जागी बसते.

रात्री फोन दुसऱ्या खोलीत, आणि त्यासाठी साधं गजराचं घड्याळ आणा. नाहीतर गजराच्या निमित्ताने फोन उशाशी परततो.

बिघडतं कुठे? पहिल्या काही दिवसांत ओढ वाढते. विलोपनाच्या सुरुवातीचा हा उसळा असतो, लिफ्ट येत नसली की बटण चारदा दाबतो तसा. नेमकं तेव्हा 'एकदाच बघतो' केलं, तर अधूनमधून मिळणारं प्रबलन तुम्हीच चालू केलंत. आधीपेक्षा वाईट. दुसरं, विलोपन म्हणजे पुसणं नव्हे. जुन्या शिकण्यावर नवं शिकणं रचलं जातं, आणि ते त्या जागेला बांधलेलं असतं. घरी सुटलेली सवय गावच्या प्रवासात एसटीत परत येते. म्हणून नवी मांडणी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मुद्दाम करून बघावी.

तिरकस

सर, लेख छान, पण एक खडा टाकतो. वरचा अख्खा उपाय स्किनरच्या भाषेत सांगता आला असता. उद्दीपक, प्रबलन, विलोपन. डोपामाइन हा शब्द गाळून परिच्छेद पुन्हा वाचा, एकही पायरी बदलत नाही. मग जीवशास्त्राने दिलं काय? पांढरा कोट? 'मेंदूत दिसतं' म्हटलं की लोकांना पटतं, एवढंच?

पारिजातक

@तिरकस, खडा बरोबर जागी पडलाय. सवयींपुरतं तुमचं म्हणणं बऱ्यापैकी मान्य. पण काही ठिकाणी वर्तनाच्या भाषेतून अंदाजच करता आला नसता.

पहिलं उदाहरण कंपवाताचं. एल-डोपाऐवजी किंवा त्याच्या जोडीला प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी औषधं देतात, जी डोपामाइनच्या ग्राहकांना (पेशीवरच्या ज्या जागी डोपामाइन येऊन बसतं त्यांना) थेट चालू करतात. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेला साठीचा माणूस ही औषधं सुरू झाल्यावर लॉटरीत पैसे घालवू लागतो, किंवा खरेदी, खाणं, लैंगिक वर्तन हाताबाहेर जातं. २०१० मध्ये वाइनट्रॉब आणि सहकाऱ्यांनी ३,०९० रुग्ण तपासले. ही औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्क्यांना असा आवेग-नियंत्रणाचा त्रास होता, न घेणाऱ्यांत ६.९ टक्क्यांना. खडूफळा सरांचा दुसरा रस्ता आठवा. कंपवातात नायग्राचा रस्ता जास्त झिजतो, अ‍ॅक्युम्बन्सचा तुलनेने शाबूत असतो. पहिल्या रस्त्याला पुरेल एवढी मात्रा दुसऱ्याला जास्त होते. शिवाय ग्राहक सतत चालू राहिले की 'ठोके थांबले, हरलास' हा निरोप पोचतच नाही. जिंकणं शिकलं जातं, हरणं नाही.

व्यवहारात इथे चूक अशी होते की रुग्ण लाजेने सांगत नाही आणि घरचे 'म्हातारचळ' म्हणून गप्प बसतात. औषध सुरू करण्याआधीच घरच्यांना पाचही गोष्टी नावं घेऊन विचारायला सांगाव्यात: जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक वागणं, आणि एकच निरर्थक काम तासन्‌तास करणं. मात्रा कमी केली की बहुतेकांचं ओसरतं. मात्र एकदम बंद करायचं नसतं, त्यातून चिंता, घाम, नैराश्य असा वेगळाच त्रास उठतो. हे काम डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने करायचं.

दुसरं मनोविकारांच्या औषधांचं. भ्रम-भास कमी करणारी औषधं डोपामाइनच्या ग्राहकांचा एक प्रकार, डी-२ ग्राहक, अडवतात. किती अडवायचे हे पेट स्कॅनने (किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूचं चित्र काढणाऱ्या तपासणीने) मोजता आलं. हॅलोपेरिडॉलवर शितिज कपूर यांच्या २००० सालच्या अभ्यासात साधारण ६५ टक्के ग्राहक अडल्यावर गुण येण्याची शक्यता वाढली, ७२ च्या वर प्रोलॅक्टिन वाढलं, ७८ च्या वर कंपवातासारखा ताठरपणा आला. खिडकी केवढी अरुंद आहे बघा. पूर्वी 'बरा होत नाही, मात्रा वाढवा' चालायचं, ते कमी झालं ते या आकड्यांमुळे. क्लोझापिन याला अपवाद, ते याहून कमी अडवूनही काम करतं. कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही ते तिथेच.

औषधवाला

पारिजातकताईंच्या मुद्द्याला जोड, कारण हे ओपीडीत आणि घरातही दिसतं. उलटीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड हेही डी-२ अडवतं आणि मेंदूत शिरतं. तरुण मुलामुलींत एखाद-दुसऱ्या मात्रेनंतर मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. शुद्ध पूर्ण असते. घरचे म्हणतात अंगात आलं, एखादा घाईतला डॉक्टर म्हणतो हिस्टेरिया. खरं कारण पाकिटावर छापलेलं असतं. योग्य इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ. डोम्पेरिडोन त्याच जातीचं, पण मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून हा प्रकार त्यात कमी. चक्करेवर महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या सिनारिझिन, फ्लुनारिझिननेही वृद्धांत कंपवातासारखी लक्षणं येतात. चेहरा थिजतो, चाल मंदावते, आणि लोक 'उदास झालेत' असं समजतात.

याहून फसवी अस्वस्थता म्हणजे अकॅथिसिया. मनोविकाराच्या औषधाने माणूस एका जागी बसू शकत नाही, पाय हलवत राहतो, येरझाऱ्या घालतो. ती घालमेल आजाराची समजून मात्रा वाढवली जाते, आणि घालमेल आणखी वाढते. विचारायचा प्रश्न सोपा आहे: ही अस्वस्थता औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर आली का?

तिरकस

मान्य. मान वाकडी होण्यामागे बालपण शोधत बसण्यापेक्षा पाकीट वाचणं बरं. माझा आक्षेप आता आवरता घेतो: जिथे रसायन बाहेरून आत जातं तिथे जीवशास्त्र हवंच. पण रोजच्या वागण्याचं काय? 'मोबाइल म्हणजे डिजिटल कोकेन, स्कॅनमध्ये सिद्ध' या व्हिडिओंचं काय?

मज्जारज्जू

या व्हिडिओंच्या मुळाशी बहुधा दोन प्रकारची मापं असतात. दोन्ही एकत्र घुसळून लोणी काढतात.

एक, १९९८ चा 'नेचर'मधला लंडनचा अभ्यास. आठ पुरुषांना पेट स्कॅनरमध्ये रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळवला. दरेक पातळी पार केली की ७ पौंड. डोपामाइनच्या ग्राहकांवर बसणारं रॅक्लोप्राइड हे किरणोत्सारी द्रव्य स्ट्रायटममध्ये कमी बसलं, म्हणजे तिथे डोपामाइन सुटलं असा अर्थ. पण तुलना कशाशी? कोऱ्या पडद्याकडे बघत पडून राहण्याशी. खेळताना हात हलतो, लक्ष लागतं, पैसे मिळतात, डोकंही किंचित हलतं. यांतलं नेमकं काय मोजलं? आणि माणसं आठ. अभ्यास वाईट नव्हता, पहिलाच होता. 'सिद्ध' हा शब्द नंतरच्यांनी चिकटवला.

दोन, उंदरांच्या अ‍ॅक्युम्बन्समध्ये बारीक नळी घालून द्रव काढायचा आणि त्यातलं डोपामाइन मोजायचं, मायक्रोडायलिसिस. खाण्याने इतके टक्के, कोकेनने तितके, हे तक्ते तिथून येतात. ही नळी अनेक मिनिटांची सरासरी देते. शुल्त्स मोजतात ते सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागातलं. पावसाची वार्षिक सरासरी आणि ढगफुटी यांची तुलना करू नये.

कोकेनचा खरा फरक टक्क्यांत नाही. कोकेन डोपामाइन परत ओढून घेणारा पंप अडवतं, त्यामुळे ते अपेक्षित असो वा नसो, डोपामाइन वाढतंच. रसाच्या बाबतीत शिकून झाल्यावर फरक शून्य होतो आणि शिकणं थांबतं. कोकेनच्या बाबतीत 'अपेक्षेपेक्षा बरं' हा निरोप दर वेळी येत राहतो. डेव्हिड रेडिश यांनी २००४ मध्ये हे गणितात मांडलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते दर वेळी तंतोतंत बसत नाही, पण व्यसन आणि आवड यांत फरक कुठे शोधायचा हे त्याने नेमकं दाखवलं. फोनच्या पडद्याला तो पंप अडवता येत नाही.

आणि कृपया, 'डोपामाइनची पातळी' म्हणून रक्त किंवा लघवीची तपासणी कोणी मूडसाठी सांगितली तर पैसे वाचवा. ते मेंदूबाहेरचं डोपामाइन असतं. काही विशिष्ट गाठींच्या निदानात त्याला अर्थ आहे, स्वभावात नाही.

उंडगा

आणि त्या लाळेच्या जनुक तपासण्या? 'तुमच्यात व्यसनाचा जीन आहे' वगैरे?

मज्जारज्जू

त्यात बहुधा टॅक-वन-ए हा बदल बघतात. १९९० मध्ये तो मद्यव्यसनाशी जोडला गेला तेव्हा डी-२ ग्राहकाच्या जनुकातला समजत. नंतर कळलं की तो शेजारच्या अँक-के-के-वन या जनुकात बसतो. एकेका जनुकावर स्वभाव टांगणारे असे बरेच निष्कर्ष मोठ्या नमुन्यांत टिकले नाहीत. २०१९ मध्ये नैराश्याची १८ गाजलेली जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तर ती यादृच्छिक निवडलेल्या जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत. आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे, पण तो हजारो बारीक बदलांत विखुरलेला असतो. एका लाळेच्या नळीत एक बदल बघून तुमचं भविष्य निघत नाही.

पारिजातक

तिरकस यांच्या 'रोजच्या वागण्याचं काय' ला अजून एक उत्तर द्यायचं राहिलं. आळस.

कनेटिकटच्या जॉन सॅलमोन यांचे उंदीर बघा. दांडी दाबली तर आवडत्या गोळ्या, शेजारी फुकट साधं खाद्य. धडधाकट उंदीर दांडी दाबतो. अ‍ॅक्युम्बन्समधलं डोपामाइन घटवलं की तोच उंदीर फुकटचं खात बसतो. भूक तेवढीच, गोळ्यांची आवडही तेवढीच. श्रम परवडेनासे होतात. सिअ‍ॅटलमध्ये रिचर्ड पामिटर यांनी डोपामाइन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले. नाकासमोर खाणं असूनही ते उपाशी मरतात. तोंडात घातलं तर गिळतात, एल-डोपा टोचलं की स्वतः खातात.

नैराश्यातल्या माणसाला घरचे म्हणतात, 'आवडतं ना तुला? मग उठून कर ना.' आवडणं आणि उठणं ही दोन वेगळी यंत्रं आहेत हे एकदा कळलं की सल्ला बदलतो. वर्तन-सक्रियीकरण या उपचारात म्हणूनच आवड जागी होण्याची वाट बघत नाहीत, श्रम चिरून लहान करतात. 'फिरायला जा' नाही. चप्पल दाराशी काढून ठेवायची, संध्याकाळी ६ ला घालायची, फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. दहातल्या किती गुणांचं बरं वाटलं ते आधी अंदाजाने लिहायचं आणि नंतर प्रत्यक्ष लिहायचं. बहुतेक वेळा प्रत्यक्षाचा आकडा अंदाजापेक्षा थोडा वर निघतो, आणि शिकायला तो थोडा फरकच लागतो. पायरी मोठी ठेवली आणि जमली नाही तर उलटा धडा शिकला जातो, म्हणून पहिल्या आठवड्यात पायरी हास्यास्पद वाटेल इतकी लहान हवी. (नैराश्याचं सगळं कोडं डोपामाइनने सुटतं असं म्हणत नाहीये. उगाच कोणी नवी चिठ्ठी छापू नका.)

तिरकस

हे पटलं. स्किनरला हे दोन वेगळे आहेत हे कळलं नसतं, कारण दोन्हींत दांडी दाबणं तेवढंच दिसतं.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. वर्गात फळ्यावर काढण्यासाठी तीन ओळींची आकृती केली आहे. पहिली: अचानक रस, रसाच्या जागी उंच सर. दुसरी: शिकून झाल्यावर, दिव्याच्या जागी उंच सर, रसाच्या जागी सपाट. तिसरी: दिवा आहे, रस नाही, दिव्याच्या जागी उंच सर, रसाच्या जागी तेवढाच खोल खड्डा. काही चुकतंय का?

मज्जारज्जू

तिसरी ओळ दुरुस्त करा, सर. खड्डा सरीएवढा खोल काढता येणार नाही. मूळ ठोके सेकंदाला चार-पाचच. सर वीसच्या पुढे जाऊ शकते, पण खाली शून्याच्या पलीकडे जागा नाही. मोठी निराशा आणि छोटी निराशा यांत फरक खोलीने कमी आणि ठोके किती वेळ थांबले यावरून जास्त कळतो. त्यामुळे खड्डा उथळ पण रुंद काढा, आणि डावीकडे ठोक्यांचे आकडे घाला. नाहीतर मुलं ते आनंदाचं मीटर समजतील.

खडूफळा

बरोबर. बदलतो. रुंद खड्डा, डावीकडे ०, ५, २०.